कांद्यानं न शिकवलेला पेशीचा धडा

बारावीपर्यंत सायन्सला असलेल्या कुणालाही कांद्याचं मूळ आठवत असेल. कांदा बाटलीच्या तोंडावर बसवायचा, बूड पाण्याला टेकवायचं, दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटली की सकाळी त्यांची टोकं कापायची. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये मऊ करायची, अ‍ॅसिटोकारमाइनचा लाल रंग, स्पिरिटच्या दिव्यावर जरासा शेक, वर कव्हरस्लिप आणि अंगठ्यानं दाब. कोल्हापुरात राजाराम कॉलेजपासून ते पार गगनबावड्याकडच्या ज्युनिअर कॉलेजपर्यंत प्रॅक्टिकल हेच. दाब जास्त झाला की काच तडकते, कमी झाला की पेशी एकमेकींवर चढून बसतात. नशीब जोरावर असेल तर एखाद्या पेशीत गुणसूत्रं मधोमध रांगेत दिसतात. कांद्याची सोळा असतात. मग जर्नलमध्ये पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशी चार गोल चित्रं काढायची आणि सरांची सही घ्यायची.

प्रॅक्टिकल उत्तम आहे, माझी तक्रार कांद्याबद्दल आहे. तो अर्धीच गोष्ट सांगतो. वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची ताठ भिंत असते. ती जिथं जन्मते तिथंच राहते, शेजारणीला भिंतीनंच जोडलेली असते. कुणाला धरायचं, कधी सोडायचं, कुठं जायचं हे प्रश्नच तिला पडत नाहीत. विभाजनाच्या शेवटी मध्ये नवी भिंत उभी राहिली की काम संपलं. प्राण्याच्या पेशीला भिंत नसते. तिला खालच्या पृष्ठभागाला धरून राहावं लागतं, शेजारच्या पेशीला धरावं लागतं, गरज पडली तर दोन्ही सोडून जागा बदलावी लागते, आणि हे सगळं सांभाळत एकाची दोन व्हावं लागतं. पेशीशास्त्रज्ञ या तीन कामांना विभाजन, आसंजन आणि स्थलांतर म्हणतात. मी विभाजन, पकड आणि चाल म्हणेन. पाठ्यपुस्तकात ही तीन वेगळी प्रकरणं असतात. पेशीत मात्र तिन्ही कामं त्याच त्या प्रथिनांवर चालतात, आणि एकाला हात लावला की उरलेली दोन हलल्याशिवाय राहत नाहीत. या विषयावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचा बराचसा वेळ हे धागे एकमेकांत कुठं गुंतलेत ते शोधण्यात जातो.

माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात त्या बहुधा चपट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, ३७ अंश सेल्सिअसला, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत. वर गुलाबी द्रव असतो. पेशींनी त्यातलं अन्न संपवून आम्ल सोडलं की तो पिवळा पडतो, मग बदलायचा. पुण्यातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातल्या प्रयोगशाळांना अशा पेशी पुरवतं. त्यांतल्या सगळ्यांत प्रसिद्ध पेशींचं नाव हेला. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या इस्पितळात हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून त्या घेतल्या, बाईंना न विचारता. बाई त्याच वर्षी गेल्या. पेशी अजून वाढताहेत.

ही बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर पेशी तळाला चिकटून पसरलेल्या दिसतात, पापडासारख्या पातळ, कडांना वेडेवाकडे फाटे फुटलेल्या. मध्येच एखादी टपोरी गोल, चकाकणारी. नवख्या विद्यार्थ्याला ती मेलेली वाटते. खरं तर ती विभाजनाला बसलेली असते. विभाजनाच्या तोंडावर पेशी तळाची बहुतेक पकड सोडते, अंग आवरून गोल होते, साधारण तासाभरात तिच्या दोन होतात, आणि दोघी पुन्हा पसरून तळाला चिकटतात. माणसाच्या पेशीचं अख्खं चक्र बाटलीत एक दिवसाच्या आसपासचं, त्यातला हा एक तास.

पकड खरंच किती ढिली होते, हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. टेरासिमा आणि टोल्माक या दोघांनी १९६३ साली दाखवलं की बाटली नुसती हलवली तरी गोल झालेल्या पेशी सुटून द्रवात येतात आणि पसरलेल्या जागच्या जागी राहतात. तो द्रव ओतून घेतला की विभाजनाच्या एकाच टप्प्यावरच्या पेशी वेगळ्या मिळतात. ही युक्ती आजही वापरात आहे.

आता ही पकड म्हणजे नेमकं काय. पेशीच्या आवरणात आरपार घुसलेली इंटेग्रिन नावाची प्रथिनं असतात. माणसात त्यांचे २४ प्रकार आहेत. बाहेरचं टोक फायब्रोनेक्टिन, कोलॅजेन अशा पेशींभोवतीच्या तंतूंना धरतं. आतलं टोक टॅलिन आणि व्हिनक्युलिन या प्रथिनांमार्फत पेशीच्या अंतर्गत सांगाड्याला जोडलेलं असतं. फायब्रोनेक्टिन हे भलंमोठं प्रथिन, पण इंटेग्रिनला त्यातली आर्जिनीन, ग्लायसीन आणि अस्पार्टिक आम्ल ही सलग तीन अमिनो आम्लंच पकडायला पुरतात, हे १९८४ साली एर्की रुओस्लाती आणि मायकेल पियर्शबाखर यांनी दाखवलं. यावरून पुढं औषधं निघाली, त्यांच्याकडे मी येतोच.

या जोडणीतली सगळ्यांत मजेदार गोष्ट टॅलिनची. त्याला ओढलं की त्याच्या घड्या उलगडतात, आत दडलेल्या जागा उघड्या पडतात आणि तिथं व्हिनक्युलिन येऊन बसतं. म्हणजे ताण पडला की पकड सुटायच्या ऐवजी मजबूत होते. पृष्ठभाग कडक असेल तर ताण जास्त, मऊ असेल तर कमी. त्यामुळं खालची जमीन कशी आहे हे पेशीला पकडीतूनच कळतं, आणि त्याप्रमाणं ती पसरायचं की नाही, वाढायचं की नाही हे ठरवते. हाडाजवळची पेशी आणि मेंदूतली पेशी वेगळी वागते त्यामागं हेही एक कारण आहे.

शेजारणीला धरण्याची व्यवस्था वेगळी. तिथं कॅडहेरिन हे प्रथिन असतं. जपानमध्ये क्योटोला मासातोशी ताकेइची यांनी १९७० च्या दशकात ते शोधण्याकडे नेणारं काम केलं. त्यांना दिसलं की पेशींच्या एकमेकींना धरण्याचा एक प्रकार कॅल्शियमवर अवलंबून आहे. कॅल्शियम काढून घेतलं की पेशी सुट्या होतात. बाटलीतल्या पेशी सोडवायच्या असतील तर प्रयोगशाळेत आजही नेमकं हेच करतात. ट्रिप्सिन, जे आपल्या स्वादुपिंडातून जेवण पचवायला येतं तेच, बाहेरची प्रथिनं कापतं. सोबत ईडीटीए घालतात, ते कॅल्शियम पकडून ठेवतं. काही मिनिटांत चपट्या पेशी गोल होऊन तरंगायला लागतात.

पकडीच्या आतल्या बाजूला जो सांगाडा म्हटला, त्यातले दोन प्रकारचे धागे इथं महत्त्वाचे. अ‍ॅक्टिनचे धागे बारीक, सात नॅनोमीटरच्या आसपास जाडीचे. पेशीची पुढची कड ढकलणं आणि आवळणं ही कामं त्यांची. दुसऱ्या सूक्ष्मनलिका, २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या, ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या. दहावीच्या पुस्तकातले तुर्कतंतू ते हेच. विभाजनात गुणसूत्रांना दोन टोकांकडं नेतात. या नळ्या स्थिर नसतात. वाढता वाढता अचानक कोसळतात, पुन्हा वाढतात, आणि असं चाचपडत असतानाच एखादी गुणसूत्रबिंदूवर जाऊन टेकते.

इथं कोल्हापूरकरांच्या ओळखीचं एक झाड मध्ये येतं. पावसाळ्यात पन्हाळ्याकडं जाताना झुडपांवर, कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं चढलेली दिसतात, ती कळलावी. तमिळनाडूचं ते राज्यफूल, आणि तिथं बियांसाठी तिची शेती होते. कंद आणि बिया विषारी, हे गावातल्या बायाबापड्यांना पक्कं ठाऊक असतं. ते विष म्हणजे कॉल्चिसीन. ते ट्यूब्युलिनला चिकटतं आणि नळी वाढूच देत नाही. तुर्कतंतू तयार होत नाहीत, गुणसूत्रं आखडून, ठळक होऊन जागच्या जागी थांबतात. कळलावी पोटात गेलेल्या माणसाला आधी उलट्या-जुलाब होतात, मग रक्तातल्या पेशी घसरतात आणि वाचला तर एक-दोन आठवड्यांनी केस गळतात. आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं: शरीरात सगळ्यांत भराभर विभाजन चालतं ते इथं.

याच विषानं विज्ञानाची एक जुनी चूक दुरुस्त केली. माणसाची गुणसूत्रं ४८ असतात असं १९२० च्या दशकापासून छापलं जात होतं. स्वीडनमध्ये लुंड इथं जो हिन त्यो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी बाटलीत वाढवलेल्या माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींना कॉल्चिसीन देऊन विभाजनाच्या मध्यावर थांबवलं, त्यांना विरळ द्रवात फुगवून गुणसूत्रं सुटी केली आणि मोजली. ४६ निघाली. हे १९५६ साल. डीएनएची रचना त्याआधी तीन वर्षं माहीत झाली होती, पण आपल्यात गुणसूत्रं किती हे माहीत नव्हतं! पुढं १९६७ साली गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी कॉल्चिसीन पेशीत कशाला चिकटतं ते हुडकत जाऊन ट्यूब्युलिन सापडवलं. म्हणजे प्रथिनाचा पत्ता विषानं दिला.

नळ्या नाहीत म्हणून पेशी थांबते, हेही आपोआप होत नाही. तिच्यात एक तपासणी असते. गुणसूत्रबिंदूवरच्या जोडणीच्या प्रत्येक जागी नळी येऊन टेकली की नाही हे पाहिलं जातं, आणि एक जरी जागा रिकामी असली तरी पुढची परवानगी मिळत नाही. कॉनली रीडर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली जिवंत पेशीत शेवटची न जोडलेली जागा लेझरनं जाळून टाकली. गुणसूत्र अजून दोन्ही बाजूंनी जोडलेलं नव्हतंच, पण तक्रार करणारी जागाच उरली नाही. पेशीनं थोड्या वेळात विभाजन पुढं रेटलं. पेशीविज्ञानातले मला आवडणारे प्रयोग असे असतात. रिकामी जागा थांबण्याचा आदेश देत असते, ही कल्पना एका ठिपक्याएवढ्या लेझरनं सिद्ध केली.

आता चालीकडं येऊ. पेशी चालते म्हणजे पुढच्या बाजूला अ‍ॅक्टिनचे धागे वाढून आवरणाला पुढं ढकलतात, तिथं नवी पकड बसते, मागचा भाग आवळला जातो आणि मागची पकड सुटते. हे चारही एकाच वेळी चालू असतं. भाताच्या लावणीला चिखलात उतरलेल्या माणसाला यातलं गणित चटकन कळेल. पुढचा पाय रुतला नाही तर घसरतो, आणि मागचा निघाला नाही तर माणूस जागच्या जागी उभा. पेशीचं तसंच. पृष्ठभागावर फायब्रोनेक्टिन अगदी कमी असेल तर पेशीला जोर लावायला आधार मिळत नाही, फार जास्त असेल तर ती खिळून बसते. सर्वांत वेगानं चालते ती मधल्या पकडीवर, आणि हे १९९० च्या दशकात आधी गणितानं आणि मग मोजमापानं दाखवलं गेलं. आपल्याला सवयीनं वाटतं की ‘पकड वाढली म्हणजे चाल कमी’. तसं सरळ नाही, आणि औषध शोधणाऱ्यांची इथंच फसगत होते.

वेग किती? जखम भरून काढणारी फायब्रोब्लास्ट पेशी तासाला दहा-वीस मायक्रोमीटर सरकते, म्हणजे आपल्या अंगाएवढंच अंतर. जंतू पकडायला निघालेली न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी मिनिटाला दहा मायक्रोमीटर किंवा त्याहून जास्त. लंडनमध्ये मायकेल अबरक्रॉम्बी यांनी १९५० च्या दशकात फिल्म काढून अशा पेशींची चाल मोजली. त्यांना दिसलं की दोन फायब्रोब्लास्ट समोरासमोर येऊन टेकल्या की त्या दिशेची चाल थांबते आणि त्या दुसरीकडं वळतात. काही कॅन्सर पेशी मात्र अशा वेळी थांबत नव्हत्या.

चाल आणि पकड यांचं नातं किती जिवावरचं आहे हे एका दुर्मीळ जन्मजात आजारात उघडं पडतं. काही बाळांची नाळ वेळेवर गळत नाही. एरवी एक-दोन आठवड्यांत गळते, इथं बरेच दिवस लोंबत राहते आणि तिथं जंतुसंसर्ग होतो. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भरपूर, उलट नेहमीपेक्षा जास्त. पण जखमेत पू होत नाही. पू म्हणजे तिथं पोचून मेलेल्या न्यूट्रोफिल. या बाळांच्या पांढऱ्या पेशींमध्ये एका प्रकारचं इंटेग्रिन सदोष असतं. पेशी रक्तातून वाहत राहतात, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरून थांबू शकत नाहीत, म्हणून भिंत ओलांडून ऊतीत उतरू शकत नाहीत. फौज आहे, पण उतरायला थांबा नाही. वेळीच अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं नाही तर तीव्र प्रकारातली मुलं जगत नाहीत.

आणि आता पुन्हा कळलावी. कॉल्चिसीन हे गाऊटवरचं फार जुनं औषध आहे. युरिक अ‍ॅसिड वाढून पायाच्या अंगठ्याचा सांधा टोमॅटोसारखा सुजतो, रात्री चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, तो आजार. (तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या आपल्या गावाला त्याची ओळख करून द्यायला नको.) सांध्यात कोणतीच पेशी धडाधड विभाजित होत नसते, मग विभाजन थांबवणारं विष तिथं कशाला? कारण सूज आणतात त्या युरिक अ‍ॅसिडच्या स्फटिकांकडं धावणाऱ्या न्यूट्रोफिल. सूक्ष्मनलिका बिघडल्या की त्यांची पकड आणि चाल दोन्ही मंदावतात. अत्यंत लहान मात्रेत हे साधतं, मात्रा थोडी चुकली तर तेच विष. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय या गोळीच्या वाटेला जाऊ नये.

नळ्यांचा पकडीशी संबंध काय, हेही आता बरंच उलगडलंय. बाटलीत पसरलेल्या पेशींत वाढणाऱ्या सूक्ष्मनलिका तळाच्या पकडीच्या जागांपर्यंत पुन्हा पुन्हा पोचतात आणि त्यानंतर त्या जागा विरघळायला लागतात. औषध देऊन नळ्या मोडल्या की पकडीच्या जागा मोठ्या होतात. औषध धुऊन काढलं, नळ्या परत वाढल्या, की त्या जागा सुटतात. गुणसूत्रं ओढणारा धागा आणि मागचा पाय सोडवणारा धागा एकच. म्हणून तर विभाजनावर काम करायला बसलेला संशोधक आज ना उद्या पकडीच्या गावात पोचतो.

मग विभाजनाआधी पेशी गोल का होते? एक कारण जागेचं. पातळ पसरलेल्या पेशीत तुर्कतंतूंची यंत्रणा नीट उभी राहत नाही. पेशींना मुद्दाम वरून दाबून चपटं ठेवलं तर ती यंत्रणा मोडते, गुणसूत्रं वेळेवर जोडली जात नाहीत आणि चुका वाढतात. पण गोल होताना पेशी सगळंच सोडत नाही. बारीक तंतूंनी ती जुन्या पकडीच्या जागांना बांधलेली राहते. २००५ साली फ्रान्समध्ये मान्युएल तेरी आणि सहकाऱ्यांनी काचेवर फायब्रोनेक्टिनचे वेगवेगळ्या आकारांचे ठसे उमटवले आणि त्यांवर पेशी बसवल्या. पेशी गोल झाली तरी विभाजनाचा अक्ष आधीच्या ठशाप्रमाणंच ठरला. म्हणजे कुठं धरलं होतं यावरून कुठल्या दिशेनं दोन व्हायचं हे ठरतं. आपल्या कातडीच्या तळच्या थरात याला फार महत्त्व आहे. तिथं पेशी आडवी विभागली तर दोघी तळाशीच राहतात, उभी विभागली तर एक वर सरकून कातडीचा बाहेरचा थर बनायला लागते.

या सगळ्याला वेळापत्रक देणारं प्रथिन म्हणजे सीडीके-१. यीस्ट आणि समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करून पेशीचक्राची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल लेलंड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ सालचं नोबेल मिळालं. सीडीके-१ विभाजनाला सुरुवात करून देतं, एवढंच बरीच वर्षं शिकवलं जायचं. २०१८ साली मँचेस्टरमधल्या गटानं दाखवलं की पेशी अजून डीएनएची प्रत काढत असते तेव्हा हेच प्रथिन तळाची पकड वाढवतं, आणि विभाजनाच्या आधी त्याला आवर घातला की पकड ढिली पडते. विभाजनाची कळ दाबणारा हात त्याआधी पकडीवर असतो. दोन खाती वेगळी असती तर ताळमेळ कुणी ठेवला असता?

निरोगी पेशीत हा ताळमेळ उलट्या दिशेनंही चालतो. बहुतेक पेशींना विभाजनासाठी आधी काहीतरी धरायला लागतं. त्यांना मऊ आगरमध्ये, म्हणजे जेलीसारख्या पदार्थात, तरंगत ठेवलं तर त्या दोन होत नाहीत, बऱ्याच मरतात. कॅन्सरच्या पेशी मात्र तिथंही वाढून गाठी करतात. पेशी कॅन्सरच्या वाटेला लागली की नाही हे तपासायला ही चाचणी अजून वापरतात.

आता थोडं आपल्याकडच्या संशोधनाबद्दल बोलतो, कारण वनस्पतींच्या अर्कांवर काम करणारे विद्यार्थी आपल्या भागात खूप. पश्चिम घाट उशाला असताना ते साहजिक आहे. ठरलेला प्रयोग असा: बाटलीत पेशींचा सलग थर वाढवायचा, पिपेटच्या पिवळ्या टोकानं मध्ये सरळ ओरखडा काढायचा, अर्क घालायचा, दुसऱ्या दिवशी ओरखडा किती भरला ते मोजायचं. स्वस्त आणि सोपा. पण ओरखडा दोन कारणांनी भरतो. कडेच्या पेशी चालत आल्या म्हणून, किंवा त्यांची संख्या वाढली म्हणून. मायटोमायसिनसारखं औषध देऊन किंवा सीरम (पेशींच्या वाढीसाठी द्रवात घातलेला रक्ताचा अंश) कमी करून विभाजन रोखलं नाही तर आपण चाल मोजतोय की विभाजन, हे सांगता येत नाही. शिवाय प्लॅस्टिकवर ओरखडा भरला म्हणजे मधुमेह्याच्या पायाची जखम भरेल असा अर्थ होत नाही. तिथं रक्तपुरवठा, जंतू, नसा, सगळंच असतं. ओरखड्याच्या एका फोटोवरून ‘जखमेवर गुणकारी’ असं लिहिलेलं दिसलं की मी तरी पान उलटतो.

झाडांनी दिलेली खरी औषधं नाहीत असं मात्र नाही. दारातली सदाफुली घ्या. तिच्यातून मिळणारं व्हिनक्रिस्टीन मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर १९६० च्या दशकापासून वापरतात. तेही ट्यूब्युलिनला चिकटतं. त्यानं हातापायाला मुंग्या येतात, कारण लांबलचक नसांमध्ये मालाची ने-आण याच नळ्यांवरून होते. आंबा घाट, राधानगरीच्या बाजूला जंगलात मिळणाऱ्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्यापायी झाडाची चोरटी तोड होते. ते डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या प्रथिनाला अडवतं. कॅम्प्टोथेसिन १९६६ साली एका चिनी झाडातून आणि टॅक्सॉल १९७१ साली अमेरिकेतल्या यू झाडाच्या सालीतून वेगळं करणाऱ्या जोडीतले एक, मनसुख वाणी, नंदुरबारचे. टॅक्सॉल कॉल्चिसीनच्या नेमकं उलट करतं, नळ्या मोडूच देत नाही, हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ साली दाखवलं. परिणाम तोच, विभाजन अडतं. आणि सदाफुलीची पानं रोज चावून कॅन्सर बरा होतो असा मेसेज आला तर तो पुढं पाठवू नका. पानात औषध किती हे ठरलेलं नसतं, विषं मात्र अनेक असतात.

कॅन्सरमध्ये रुग्ण दगावतो तो बहुतेक वेळा मूळच्या गाठीनं नव्हे, तर ती इतरत्र पसरल्यानं. पेशी शेजारणींना सोडते, चालत रक्तात शिरते, दुसरीकडं उतरते आणि तिथं विभाजन सुरू करते. पकड, चाल, विभाजन, सगळं एका प्रवासात. शेजारणीला धरणारं कॅडहेरिन हरवलं म्हणून पेशी सुटते असं बरीच वर्षं मानलं गेलं, आणि त्याला पुरावाही होता. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या पोटाचा कॅन्सर होत होता. १९९८ साली त्याचं मूळ कॅडहेरिनच्याच जनुकात सापडलं. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. २०१९ साली वीणा पद्मनाभन आणि अँड्र्यू एवाल्ड यांच्या गटानं स्तनाच्या कॅन्सरच्या अनेक नमुन्यांत दाखवलं की कॅडहेरिन काढलं तर पेशी आजूबाजूला जास्त घुसतात, पण दूरवर जाऊन गाठी करण्यात कमी पडतात, कारण वाटेत त्या मरतात. सुटणं सोपं, सुटून जगणं कठीण. म्हणून कित्येकदा कॅन्सरच्या पेशी एकट्या न जाता एकमेकींना धरून घोळक्यानं रक्तात फिरतात.

इतकं कळल्यावर पकड रोखणारी औषधं करणं सोपं असेल असं वाटेल. काही ठिकाणी ती झाली. हृदयविकाराच्या झटक्यात अँजिओप्लास्टीच्या वेळी कधी कधी टिरोफिबान देतात. ते रक्तबिंबिकांच्या इंटेग्रिनमधली तीच तीन अमिनो आम्लं पकडणारी जागा अडवतं आणि गुठळी रोखतं. व्हेडोलिझुमॅब हे आतड्याच्या दाहावरचं औषध २०१४ पासून वापरात आहे. ते पांढऱ्या पेशींना आतड्याच्या भिंतीत उतरू देत नाही. कॅन्सरमध्ये मात्र सिलेंजिटाइड नावाचं इंटेग्रिन रोखणारं औषध मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमावर मोठ्या चाचणीत उपयोगी ठरलं नाही. सविस्तर निकाल २०१४ सालीच छापून आला.

त्यामागच्या अडचणी दोन. निदान होईपर्यंत अनेकदा काही पेशी आधीच निघून गेलेल्या असतात, मग चाल अडवून उशीर झालेला असतो. दुसरी अडचण मोजमापाची आहे. नवं औषध चालतं की नाही हे ठरवताना डॉक्टर बहुतेक वेळा स्कॅन काढून गाठ किती आकसली ते बघतात. विभाजन रोखणारी औषधं गाठ आकसवतात, म्हणून ती परीक्षेत पास होतात. फक्त चाल थांबवणारं औषध आहे ती गाठ तशीच ठेवेल, आणि त्याचा फायदा झाला तर तो वर्षांनंतर, दुसऱ्या कुठल्या अवयवात गाठ न उठण्यात दिसेल. तेवढी वर्षं चाचणी चालवण्याचा खर्च उचलायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत.